अणू दिसत नव्हता, मग त्याच्या आतलं चित्र काढलं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची लेक शाळेत डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी एकामागून एक अणूची मॉडेलं शिकतेय. प्रत्येक धड्याच्या शेवटी 'या मॉडेलच्या मर्यादा' येतात आणि पुढचा शास्त्रज्ञ हजर होतो. तिने विचारलं, "सगळेच चुकले, तर शिकायचं कशाला? आणि अणू कुणी पाहिलाच नव्हता, तर आत काय आहे हे ठरवलं कसं?"

मी तीसेक वर्षं पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी प्रयोगशाळेतच गेली. लेकीची शंका अगदी रास्त आहे. धड्यात चित्रं येतात, पण ती चित्रं काढायला भाग पाडणारे आकडे गाळले जातात. मग वाटतं की एकाने असं चित्र काढलं, दुसऱ्याने तसं. प्रत्यक्षात यातलं कुठलंही मॉडेल हौसेने आलेलं नाही. दर वेळी मोजमापातला एखादा आकडा अडून बसला आणि त्याने आधीचं चित्र मोडलं. म्हणून प्रत्येक मॉडेलपाशी तिला दोनच गोष्टी शोधायला सांगा: हे कोणत्या आकड्यापायी आलं, आणि कोणत्या आकड्यापाशी अडलं.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवतो. मराठीत आपण अणू आणि रेणू म्हणतो, तर हिंदीत त्यांनाच अनुक्रमे परमाणु आणि अणु म्हणतात. लेक हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करत असेल तर तिथला 'अणु' म्हणजे आपला रेणू. या एका शब्दापायी गोंधळलेली चांगली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

आता डाल्टन. पुस्तकात 'अणू अविभाज्य असतो' हे वाक्य ठळक छापलेलं असतं, त्यामुळे पुढे इलेक्ट्रॉन सापडला की डाल्टन नापास झाला असं वाटतं. पण अविभाज्य कणांची कल्पना त्याची नव्हेच. ती फार जुनी आहे. आपल्याकडे वैशेषिकांनी मांडली, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने. डाल्टनने १८०३ च्या सुमारास जे केलं ते वेगळंच होतं: त्याने अणूंना वजनं दिली.

हे कागदावर करून बघा. कार्बनची दोन ऑक्साइडं घ्या. एकात ४२.९ टक्के कार्बन आणि ५७.१ टक्के ऑक्सिजन, दुसऱ्यात २७.३ टक्के कार्बन आणि ७२.७ टक्के ऑक्सिजन. या चार आकड्यांकडे कितीही टक लावून बघितलं तरी काही सुचत नाही. आता टक्के सोडा आणि १ ग्रॅम कार्बनला किती ऑक्सिजन लागला ते काढा. पहिल्यात १.३३ ग्रॅम, दुसऱ्यात २.६६ ग्रॅम. बरोबर दुप्पट! पदार्थ सलग असता, कितीही बारीक वाटला जाणारा असता, तर १.९ पट किंवा २.१७ पट यायला कुणाची हरकत नव्हती. नेमकी दुप्पट येते, कारण एका कार्बनला एक किंवा दोन ऑक्सिजन जोडले जातात, दीड जोडता येत नाही. डाल्टनचा गाभा हा आहे आणि तो आजही शाबूत आहे. रासायनिक क्रियेत अणू फुटत नाही, हेही आज तितकंच खरं आहे.

तो चुकला, पण भलतीकडेच. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असेल असं त्याने गृहीत धरलं, आणि त्यामुळे ऑक्सिजनचं वजन निम्म्यावर आलं. ॲव्होगाद्रोने १८११ साली यावरचा उतारा सांगितला होता, पण तो कानावर घ्यायला रसायनशास्त्रज्ञांना जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १८६० साली कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने तो पुन्हा मांडला, तेव्हा कुठे अणुभारांचे तक्ते जुळू लागले. मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्तसारणी मांडली ती या दुरुस्त तक्त्यांच्या जोरावर. धड्यात हा भाग सहसा नसतो. तो असायला हवा असं माझं मत आहे.

आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखी मोठी माणसं म्हणत होती की अणू ही हिशेबाची सोय आहे, खरी वस्तू नव्हे. तो वाद मिटवला पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीने. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्या थरथरीचं गणित मांडलं, पेराँने ती मोजली, आणि त्यातून निघालेली अणूंची संख्या इतर अगदी वेगळ्या पद्धतींनी काढलेल्या संख्येशी जुळली. एकच आकडा चार वेगवेगळ्या दारांनी आत आला, की त्याला नाकारणं अवघड जातं. ओस्टवाल्डने आपली चूक कबूल केली, माख मात्र शेवटपर्यंत पुरता मानला नाही.

गंमत म्हणजे अणू खरा आहे हे सगळ्यांना पटायच्या आधीच त्याचा एक तुकडा हाती आला होता. जे. जे. थॉमसनचा १८९७ चा प्रयोग बहुतेकांना ठाऊक असतो: काचेच्या नळीतले कॅथोड किरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात वळतात. पण हर्ट्झने तोच प्रयोग आधी केला होता आणि विद्युत क्षेत्राने किरण वळत नाहीत असा निष्कर्ष काढला होता. मेख निर्वात पंपात होती. नळीत उरलेल्या वायूचे आयन पट्ट्यांवरच्या प्रभाराचा परिणाम झाकून टाकत होते. थॉमसनने निर्वात अधिक चांगली केली आणि किरण वळले.

पण किरण वळले एवढ्याने इलेक्ट्रॉन सापडला असं होत नाही. प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर त्याने काढलं ते हायड्रोजनच्या आयनाच्या हजार पटींच्या घरात आलं (आजचा आकडा १,८३६). त्याहून मोठी गोष्ट ही की कॅथोडचा धातू बदला, नळीतला वायू बदला, गुणोत्तर तेच. म्हणजे हा कण सगळ्याच अणूंमध्ये सामाईक आहे. मग अणू एकूण उदासीन कसा? तर धन प्रभाराचा एक गोळा आणि त्यात विखुरलेले इलेक्ट्रॉन, हे त्याचं १९०४ चं पुडिंगचं मॉडेल. मुलं या चित्राला हसतात. हसू नये. त्या वेळी माहीत असलेल्या सगळ्या गोष्टींत बसणारं ते चित्र होतं, आणि त्याचा पाया थॉमसननेच डळमळीत केला. सुरुवातीला त्याला वाटत होतं की अणूचं सगळं वजन हजारो इलेक्ट्रॉनांचंच असावं. १९०६ साली क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून त्याने हिशेब केला, तर इलेक्ट्रॉनांची संख्या हजारोंत नव्हे, अणुभाराच्या आसपासच निघाली. म्हणजे जवळजवळ सगळं वजन त्या धन भागात आहे, आणि तो भाग नेमका कसा आहे याचा कुणालाच पत्ता नाही.

इथे रदरफोर्ड येतो. तोफगोळा टिश्यू पेपरवर आपटून परत आला, हे त्याचं वाक्य सगळेच सांगतात, मी पुन्हा सांगत नाही. प्रयोग प्रत्यक्षात कसा होता ते सांगतो. १९०९, मँचेस्टर. गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडन अंधाऱ्या खोलीत बसले आहेत. अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून सुटणारे धन प्रभाराचे कण) धातूच्या अतिपातळ पत्र्यावर पडतात आणि तिथून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळले की एक बारीक ठिणगी चमकते. ती सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायची. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आधी नुसतं बसून राहायचं. यंत्राने आपोआप मोजणी होत नव्हती. तो सगळा डेटा दोन माणसांच्या डोळ्यांतून आला आहे. त्यांना दिसलं की सुमारे आठ हजारांत एखादा कण उलट्या बाजूला येतो.

आठ हजारांत एक म्हणजे फार थोडे, असं मुलांना वाटतं. उलट, तो आकडा प्रचंड मोठा होता. पुडिंगमध्ये धन प्रभार पसरलेला, त्यामुळे एका अणूकडून मिळणारा धक्का अगदी किरकोळ. हजारो अणूंतून जाताना असे धक्के डावीकडे, उजवीकडे, कसेही बसतात आणि बहुतांशी एकमेकांना खोडतात. सगळे धक्के एकाच दिशेने बसून कण मागे फिरावा, याची शक्यता शून्य म्हणावी इतकी कमी. तिथे आठ हजारांत एक! याचा अर्थ मोठा धक्का एकाच टकरीत बसतोय. आणि एका टकरीत एवढा धक्का द्यायचा, तर धन प्रभार आणि वजन फार लहान जागेत, म्हणजे केंद्रकात, कोंबलेलं हवं.

रदरफोर्डने हे १९११ साली मांडलं, म्हणजे निरीक्षणानंतर तब्बल दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत तो गणित करत होता. त्याच्या सूत्राने सांगितलं की कोन वाढेल तशी कणांची संख्या अर्ध्या कोनाच्या साइनच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटेल. हा नुसता अंदाज नव्हे, तपासून बघता येईल असं विधान आहे. गायगर आणि मार्सडनने १९१३ साली ५ अंशांपासून १५० अंशांपर्यंत मोजणी केली. या टप्प्यात संख्या सुमारे अडीच लाख पटींनी बदलते, आणि सूत्र सगळीकडे जुळलं. केंद्रक मान्य झालं ते यामुळे.

याच प्रयोगाबद्दल दोन गोष्टी, ज्या परीक्षेत कुणी विचारत नाही. एक, त्या प्रयोगाने केंद्रकाचा आकार मोजला नाही. अल्फा कण सोन्याच्या केंद्रकाच्या ज्या अंतरापर्यंत पोचून माघारी फिरला, त्याहून केंद्रक लहान आहे इतकंच सांगितलं. दोन, केंद्रक धन आहे की ऋण हेही त्या सूत्रावरून ठरत नाही, कारण सूत्रात प्रभाराचा वर्ग येतो. रदरफोर्डने १९११ च्या लेखात तो प्रश्न उघडाच ठेवला होता.

आता घोडं पेंड कुठे खातं ते बघा. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरत असेल तर तो सतत दिशा बदलतो, म्हणजे त्याला त्वरण आहे. त्वरण असलेला प्रभार ऊर्जा बाहेर टाकतो. हिशेब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या हजार कोटीव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळायला हवा. अणू तर वर्षानुवर्षं टिकतात. याचं उत्तर शोधताना बोरला मदत झाली ती एका भलत्याच ठिकाणाहून, हायड्रोजनच्या रंगीत रेषांतून.

या रेषा मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवत असे. हायड्रोजनची नळी गुलाबीसर पेटते. स्पेक्ट्रोमीटरवर मिलिमीटरला ६०० रेषांची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, बारीक रेषा आखलेली पट्टी) लावली आणि दुर्बीण हळूहळू बाजूला फिरवली, की १५ अंशांजवळ एक जांभळी रेषा येते, १७ जवळ हिरवट निळी आणि २३ अंशांजवळ ठसठशीत लाल. जांभळीच्या अलीकडे अजून एक असते, ती तरुण डोळ्यांना दिसते, मला पुढेपुढे दिसेनाशी झाली. मधल्या जागेत काळोख. तरंगलांब्या येतात ६५६.३, ४८६.१ आणि ४३४.० नॅनोमीटर.

लेकीला कॅल्क्युलेटर द्या. ६५६.३ ला ४८६.१ ने भागलं की १.३५० येतात, म्हणजे २७/२०. ६५६.३ ला ४३४.० ने भागलं की १.५१२, म्हणजे १८९/१२५. निसर्गातून मोजलेल्या लांब्यांचं गुणोत्तर इतक्या सुबक अपूर्णांकात का यावं? १८८५ साली बाल्मर नावाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या गृहस्थाने याची किल्ली शोधली. ३ चा वर्ग ९, त्यातून ४ वजा करा, ५, अपूर्णांक ९/५. पुढे ४ घ्या: १६/१२. मग ५: २५/२१. प्रत्येकाला ३६४.५ ने गुणा, रेषा तयार! हे असं का होतं, याचा बाल्मरला पत्ता नव्हता. सूत्र तब्बल २८ वर्षं तसंच पडून राहिलं.

बोरने १९१३ साली म्हटलं की इलेक्ट्रॉनला काही ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येतं, तिथे तो ऊर्जा टाकत नाही, आणि पातळी बदलली की फरकाएवढा प्रकाश बाहेर पडतो. कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) प्लांकच्या स्थिरांकाला (प्रकाशाची ऊर्जा आणि वारंवारता जोडणारा आकडा) २π ने भागून जे येतं त्याच्या पटीत, ही त्याची अट. ही अट कुठून आली असं विचाराल, तर उत्तर 'लावून बघितली' असंच आहे. पण तिच्यातून बाल्मरच्या सूत्रातला तो आकडा इलेक्ट्रॉनचा प्रभार, त्याचं वस्तुमान, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग एवढ्यावरून निघाला.

माझ्या मते मात्र बोरची खरी परीक्षा पुढे झाली. काही ताऱ्यांच्या प्रकाशात आणि नंतर नळीतही हायड्रोजनच्या म्हणून समजल्या गेलेल्या काही जादा रेषा दिसत होत्या. बोर म्हणाला, या हायड्रोजनच्या नाहीतच. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रकाचा प्रभार दुप्पट, म्हणून रेषांच्या वारंवारता ठरवणारा स्थिरांक चौपट. वर्णपटाचा जाणकार फाउलर म्हणाला, चौपट नाही, मोजमाप ४.००१६ पट येतंय. एवढासा फरक, पण वर्णपटात इतकी चूक होत नाही. बोरने उत्तर दिलं की केंद्रक अगदी स्थिर नसतं, तेही किंचित हलतं. हेलियमचं जड म्हणून कमी, हायड्रोजनचं हलकं म्हणून जास्त. तो हिशेब धरला की गुणोत्तर ४.००१६३ येतं. हरकत घेणाऱ्याच्याच आकड्याने मॉडेल सिद्ध झालं. असं यश मिळालेल्या मॉडेलला 'चूक' म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

त्याच सुमारास मोझलीने क्ष-किरण वापरून आणखी एक काम उरकलं. मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की ते पायरीपायरीने सरळ रेषेत वाढतं, आणि पायरीचा क्रमांक म्हणजे अणुअंक. तोवर अणुअंक हा सारणीतल्या खुर्चीचा नंबर होता, आता तो केंद्रकावरचा प्रभार झाला. कोबाल्टचा अणुभार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९ असूनही कोबाल्ट आधी का, याचा निकाल लागला. कुठल्या खुर्च्या रिकाम्या आहेत तेही कळलं. हा माणूस १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत वयाच्या २७ व्या वर्षी मारला गेला.

बोर अडला तो हेलियमपाशी. दोन इलेक्ट्रॉन आले की आकडे जुळेनात. रेषा कमीजास्त तेजस्वी का असतात, चुंबकीय क्षेत्रात त्या इतक्या चमत्कारिक का फुटतात, याचंही उत्तर नव्हतं. दे ब्रॉग्लीने १९२४ मध्ये इलेक्ट्रॉनला तरंगलांबी दिली. १९२५ साली डेव्हिसनच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली, निकेलचा तुकडा गंजला, तो साफ करायला तापवला तर त्यात मोठे स्फटिक तयार झाले, आणि इलेक्ट्रॉनांचं विखुरणं एकदम वेगळं दिसू लागलं. त्याच धाग्यावर डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवलं. मधल्या काळात हायझेनबर्ग आणि श्रोडिंजर यांचं गणित आलेलं होतं, आणि बॉर्नने त्या लाटेचा अर्थ 'इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची शक्यता' असा लावला होता.

या सगळ्यातून लेकीला एकच गोष्ट समजावून सांगायची असेल, तर अणू कोसळत का नाही ती सांगा. कारण बोरने ते फक्त 'कोसळत नाही' म्हणून जाहीर केलं होतं, खरं उत्तर लाटेने दिलं. लाटेला लहान जागेत कोंबलं की तिची तरंगलांबी कमी होते आणि गतिज ऊर्जा वाढते. जागा निम्मी केली की ऊर्जा चौपट. केंद्रकाच्या ओढीने मिळणारी ऊर्जा मात्र दुप्पटच होते. हायड्रोजनचे आकडे घ्या. त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर असताना गतिज ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ओढीची उणे २७.२, बेरीज उणे १३.६. त्रिज्या निम्मी करा: ५४.४ आणि उणे ५४.४, बेरीज शून्य. दुप्पट करा: ३.४ आणि उणे १३.६, बेरीज उणे १०.२. सगळ्यात खालची बेरीज मधल्या आकड्याला येते, म्हणून अणू तिथे थांबतो. आत ढकलायला गेलं तर ऊर्जा भरावी लागते. हे गणित ढोबळ आहे, हायड्रोजनला ते नेमकं जुळतं हे थोडं आपलं नशीब, पण कारण खरं आहे.

न्यूट्रॉनबद्दल थोडक्यात. तो १९३२ पर्यंत सापडला नाही, कारण त्याला प्रभार नाही, त्यामुळे तो मागे खूण सोडत नाही. बेरिलियममधून येणारं काहीतरी हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या अणूंना धक्का देत होतं. चॅडविकने दोघांचे कमाल वेग घेतले. हायड्रोजनचा वेग नायट्रोजनच्या सुमारे ७ पट होता. समोरासमोर टक्कर धरून साधं समीकरण मांडलं की आदळणाऱ्या कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या १.१६ पट येतं, मोजमापातली चूक धरता जवळजवळ प्रोटॉनएवढंच. हे समीकरण शाळेतल्या संवेगाच्या धड्यावर सुटतं. लेकीला करायला द्या.

मग वहीत काय काढायचं? परीक्षेत विचारलं असेल ते. मनात मात्र कामाप्रमाणे चित्र बदलायचं. संयुजा आणि बंध समजायला कवचांची वर्तुळं पुरतात. हायड्रोजनच्या रेषांना बोरच्या पातळ्या अगदी बरोबर बसतात. रेणूचा आकार, बंधांचे कोन समजायचे असतील तर शक्यतेचे ढग लागतात, तिथे वर्तुळं काढली की हमखास फसायला होतं. 'इलेक्ट्रॉन त्या वाटेवरून फिरतो' एवढं मात्र सोडून द्यावं. हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या पातळीवर बोर म्हणतो तसा कोनीय संवेग नसतो, तो चक्क शून्य असतो. आणि फिरण्याचा संवेग शून्य असलेली वस्तू वर्तुळात फिरत नाही.

तिने पुढे विचारलं की 'आता तरी अणू दिसतो का', तर हो म्हणा, पण हातचं राखून. १९८१ साली आलेल्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागावरचे अणू एकेक करून दाखवता येतात. १९८९ मध्ये तर ३५ झेनॉन अणू सरकवून अक्षरं मांडली गेली. त्या चित्रांत दिसणारे उंचवटे मात्र प्रकाशाने दिसलेले नाहीत. सुईच्या टोकातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे आकडे मांडून संगणकाने काढलेले आहेत.